गेको नर की मादी? ओळखताना या चुका टाळा

माझ्याकडे लेपर्ड गेकोची, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या पालीच्या एका जातीची, पहिली दोन पिल्लं आली तेव्हा ती तीन महिन्यांची होती. दोन्ही माद्याच आहेत, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढचे पाच महिने दोघी एकाच टाकीत गुण्यागोविंदाने राहिल्या. मग एका सकाळी एकीच्या मानेवर चाव्याच्या खुणा दिसल्या आणि कोपऱ्यात तुटलेली शेपटी पडली होती. दोघांनाही खालून नीट पाहिलं, तर दोन्ही नर! शेपटी पुन्हा आली, पण आखूड आणि फुगीर. दोष विकणाऱ्याइतकाच माझाही होता, कारण त्या पाच महिन्यांत मी एकदाही स्वतः तपासून पाहिलं नव्हतं.

फार लवकर निकाल लावणे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लेपर्ड आणि क्रेस्टेड या गेकोच्या जातींत नर-मादीतला फरक साध्या डोळ्यांना खात्रीने दिसायला साधारण सहा ते नऊ महिने जातात. त्याआधी भिंगातून काही खुणा दिसतात, पण त्या वाचायला सरावलेली नजर लागते. आज शेपटीच्या बुडाशी सपाट दिसणारं पिल्लू दोन महिन्यांनी नर निघू शकतं. खूण दिसली तर तो नर. दिसली नाही तर ती मादीच, असं मात्र म्हणता येत नाही. तोवर प्रत्येकाला वेगळी टाकी द्या.

फक्त फुगवटा पाहणे

नराची दोन जननेंद्रियं शेपटीच्या बुडात दडलेली असतात, म्हणून शी-शूच्या फटीच्या मागे दोन उंचवटे दिसतात. पण चांगल्या खाल्ल्यापिल्या लेपर्ड मादीच्या शेपटीच्या बुडाशी चरबी साठली, तर तिथेही उंचवटा असल्यासारखं वाटतं. गार्गॉइल गेकोच्या मादीला तर मुळातच थोडा फुगवटा असतो.

म्हणून नजर त्या फटीच्या पुढे, मांड्यांच्या मधोमध न्या. लेपर्ड नराला तिथे खवल्यांची एक रांग असते, डोक्याकडे टोक असलेल्या बाणासारखी. त्या रांगेतल्या प्रत्येक खवल्यात एक ठळक छिद्र असतं आणि त्यात पिवळसर, मेणचट पदार्थ भरलेला दिसतो. मादीलाही अशी रांग असते, पण तिची छिद्रं बारीक, उथळ आणि कोरडी असतात. सुईचं टोक नुसतं टेकवल्यासारखी. रांग दिसली म्हणजे नर, असं समजणारे इथे फसतात. रांग आहे का, हे विचारू नका. छिद्रात मेण आहे का, ते बघा. छिद्रं आणि फुगवटा दोन्ही जुळले तरच निर्णय घ्या. कात टाकल्यानंतर एक-दोन दिवसांत त्वचा स्वच्छ असते, तेव्हा हे सगळं जास्त स्पष्ट दिसतं.

क्रेस्टेड गेकोत मोठ्या नराचा फुगवटा इतका ठसठशीत असतो की शंकाच उरत नाही. लहान वयात मात्र भिंग घेऊन छिद्रंच शोधावी लागतात. डे गेकोच्या नरात ती मांड्यांच्या आतल्या बाजूने लांबवर पसरलेली असतात.

उलटं करून धरणे

गेकोला पाठीवर झोपवून दाबून धरलं की तो जिवाच्या आकांताने सुटायला बघतो आणि शेपटी टाकतो. लेपर्डला ती परत येते, क्रेस्टेडला कधीच येत नाही. डे गेकोची त्वचा तर इतकी नाजूक असते की नुसत्या पकडीने सोलून निघते, त्यामुळे तो काचेवर चढला की बाहेरूनच पाहा. बाकीच्यांना तळ पारदर्शक असलेल्या डब्यात ठेवा, डबा डोळ्यांच्या वर धरा आणि बाजूने उजेड पडू देऊन मोबाइलने फोटो काढा. फोटो मोठा करून निवांत बघता येतो, आणि दर महिन्याला एक काढला तर बदलही कळतो. बूड दाबून किंवा आत सळई घालून तपासायचा प्रयोग घरी करू नका. त्याने आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते.

उबवणीच्या तापमानावर विसंबणे

लेपर्ड गेकोचं लिंग अंडं उबताना मिळणाऱ्या तापमानावर ठरतं, हे खरं आहे. सुमारे २६ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांच्या आसपास बहुतेक नर आणि ३४-३५ अंशांना पुन्हा माद्या जास्त. पण इथे 'बहुतेक' हा शब्द महत्त्वाचा आहे. शिवाय उबवणीच्या पेटीतलं तापमान कोपऱ्याकोपऱ्यात वेगळं असू शकतं. 'मादीच्या तापमानावर उबवलेलं' असं सांगून दिलेलं पिल्लूही मोठं झाल्यावर तपासाच. डोक्याची रुंदी, रंग, चिडका स्वभाव यांवरून तर काहीच ठरवू नका.

अंड्यांवरून गैरसमज

अंडी घातली म्हणजे ती मादी, एवढं नक्की. पण त्यामुळे शेजारचा नर ठरत नाही. एकटी मादीही फलन न झालेली अंडी घालते, आणि एकदा मीलन झालेली मादी वीर्य साठवून पुढे अनेक आठवडे फलित अंडी देऊ शकते. मोर्निंग गेकोत तर जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवाय पिल्लं देतात, त्यामुळे तिथे जोडी लावण्याचा प्रश्नच येत नाही.

बुडाशी एकाच बाजूला सूज आली, तर तिला नराची खूण समजू नका. नरात वाळलेला मेणासारखा स्राव आत अडकून तसं होतं, कधी संसर्गही असतो. मादीच्या पोटात अंडी दिसत असताना तिने खाणं सोडलं, ती सारखी उकरत राहिली पण अंडी आली नाहीत आणि मलूल पडली, तर अंडं अडकलेलं असू शकतं. दोन्ही वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.