सोसायटीत कॅमेरे लावताय? आधी शिडी आणा

रामबागेतल्या आमच्या इमारतीतून दोन स्कूटर चोरीला गेल्या आणि कॅमेऱ्यांचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी चुकलो. जिन्यातला कॅमेरा नेमका दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या दारावर. त्या खाली आल्या: "भाऊ, माझ्याकडे कोण येतं-जातं ते चौकीदाराने का बघायचं?" उत्तर नव्हतं. मग मी शिडीवर, मुलगा मॉनिटरपाशी. "अजून डावीकडे, बाबा!" उंबरठा दिसेनासा झाला तेव्हाच स्क्रू आवळला.

तेव्हा कॅमेरा फाटक, पार्किंग, लिफ्टसमोर लावा; दार-खिडकीवर नको. ध्वनिमुद्रण बंदच ठेवा. पंधरा दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग करा. कंपनीने घालून दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला (आमचा महिनाभर १२३४५६ होता, काय सांगू!).

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारने त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या मानाने अति नको. ही कसोटी सरकारसाठी, पण सोसायटीच्या मीटिंगमध्येही मस्त चालते.

पोलिसांनी फुटेज मागितलं तर अडवू नका, मात्र लेखी आदेश मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात कलम 94 मध्ये तशी सोय आहे. हवा तेवढाच तास कॉपी करून द्या आणि रजिस्टरात सही घ्या. सूनबाई किती वाजता आली हे बघायला येणाऱ्या सासूबाईंना मात्र चहा पाजून परत पाठवा.