एरर नाणं की खराब झालेलं नाणं?

वेगळं दिसणारं नाणं हाती लागलं की नव्या संग्राहकाच्या मनात आधी किंमत येते. मी ती बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारतो: टाकसाळीत हे नेमकं कुठल्या टप्प्यावर घडलं असेल? एरर नाणं म्हणजे टाकसाळीतच चूक होऊन बनलेलं नाणं. टप्पा सांगता आला नाही, तर ते नाणं बहुतेक वेळा बाहेरच खराब झालेलं निघतं.

टप्पे मोजकेच आहेत. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उचलतात, मग चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिला कडेने धरणाऱ्या कड्यात, बसते आणि दोन डायमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या ठशांमध्ये, दाबली जाते. हे पाठ झालं की निम्मी नाणी भिंगाशिवायच निकालात निघतात.

पृष्ठभागावर रेघ दिसली, तर नाणं एका बाजूने येणाऱ्या उजेडात तिरपं धरा. डायला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उंचावलेली असते. ओरखडा खोल जातो आणि त्याच्या काठाला सरकलेला धातू उभा राहतो. अक्षर गायब असेल तर शेजारची अक्षरं बघा. ती धारदार असतील, तर डायमध्ये ग्रीस भरल्याची शक्यता असते. झीज अशी एकच अक्षर निवडत नाही. ती आधी चेहऱ्याचे, केसांचे उंच भाग खाते.

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा कापलेला दिसला तर बरोबर समोरची कड तपासा. कापलेल्या चकतीची कड उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, त्यामुळे तिथली कड पुसट राहते. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. प्रत्येक खऱ्या नाण्यात तो दिसेलच असं नाही, पण दिसला तर पुरावा भक्कम. कानशीने कापणाऱ्याला तो सहसा सुचत नाही.

सगळ्यात जास्त फसगत दुहेरी अक्षरांत होते. अमेरिकेचं १९५५ चं 'डबल्ड डाय' सेंट प्रसिद्ध आहे: तिथे डायवरच ठसा दोनदा उमटला, म्हणून दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची आणि टोकांशी दुभंगलेली दिसतात. याउलट दाबताना सैल डाय किंचित सरकला, तर अक्षराच्या बाजूला सपाट, बुटकी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक होतं. हीसुद्धा टाकसाळीतलीच गोष्ट, पण संग्राहक तिला एरर म्हणून किंमत देत नाहीत. दहापट भिंगाखाली ही पायरी नीट ओळखायला शिका. नवख्यांनी सर्वाधिक वेळ इथेच द्यावा असं मला मनापासून वाटतं.

नाण्यावर दुसऱ्या नाण्याची उलटी, खोलगट छाप दिसली, तर ती ब्रॉकेज असू शकते, म्हणजे आधीचं नाणं डायला चिकटून राहिल्याने पुढच्या चकतीवर उमटलेली छाप. मात्र दोन नाणी शिकंज्यात दाबूनही तशी छाप उमटते. तेव्हा मूळ चित्र त्याखाली चेपलेलं सापडतं आणि मागची बाजूही सपाट झालेली असते.

रंगावर मात्र मुळीच विसंबू नका. अमेरिकेच्या १९४३ च्या पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन दुर्मीळ तांब्याचं नाणं म्हणून खपवतात. चुंबक लावा, मुलाम्याचं नाणं चिकटतं. मग वजन करा: पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅम, तांब्याचं सुमारे ३.११ ग्रॅम. आणि शंका फिटेपर्यंत नाणं घासून, धुऊन चकचकीत करू नका. ज्या खुणा वाचायच्या आहेत, त्याच पुसल्या जातात.