मिलिमीटरभर पत्र्याचे वेल्डिंग

फोंड्याच्या ज्या गॅरेजमध्ये मी जुन्या गाड्यांचे पत्रेकाम शिकलो, तेथे पहिले दोन महिने वेल्डिंगची टॉर्च माझ्या हाती क्वचितच आली. मेस्त्रींनी भंगारातल्या बॉनेटचे तुकडे कापायला, गंज खरवडायला आणि दोन कडा नख शिरणार नाही इतक्या जुळवायला लावले. तेव्हा ती टाळाटाळ वाटली. पण फट राहिली की पातळ कड वितळून मागे सरते आणि तिथेच भोक पडते, हे पुढे कळले.

प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो, म्हणून मिग मशीनला, म्हणजे संरक्षक वायूच्या आवरणात तार वितळवून सांधणाऱ्या वेल्डिंग यंत्राला, ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार लावावी. एका दारावर मी वीतभर सांधा सलग ओढला आणि थंड होताना पत्रा असा फुगला की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजू लागला. "अरे, हे दार आहे, कुंपणाचे गेट नव्हे," एवढेच मेस्त्री म्हणाले. सांधा निवताना आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढतो. म्हणून इंच-सव्वा इंचावर एकेक टाका घालायचा, पुढचा टाका दूर घालायचा आणि हात टेकवता येईपर्यंत थांबायचे. तरीही ओढ राहिलीच, तर मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून सांध्यावर हलके ठोकावे, म्हणजे आकसलेला पत्रा पसरतो. लांबी (पुट्टी) भरून हे झाकणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही.

मे महिन्याच्या उकाड्यात पंखा लावण्याचा मोह आवरावा, कारण वाऱ्याने संरक्षक वायू उडतो आणि सांधा सच्छिद्र होतो. पेट्रोलची टाकी आधी उतरवावी, बॅटरीच्या वायरी सोडाव्यात, आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घासल्याशिवाय जाळू नये, त्याचा धूर बाधतो.

दारांखालच्या पट्टीचे काम सर्वांत शेवटी शिकावे. गोव्याच्या पावसाळ्यात ती आतून कुजते. बाहेर नाण्याएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढे भोक निघते. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसल्याने ही पट्टी गाडीचा भार पेलते, म्हणून ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाक्यांनी पक्का करावा. नाहीतर काम कितीही सुबक झाले तरी दार लागत नाही. घासलेला पत्रा येथे रात्रभरातही तांबूस होतो, तेव्हा प्रायमर त्याच संध्याकाळी मारावा.