उंचावरची डॅफ्निया: फरक जनुकांचा की पाण्याचा?

उंचावरच्या सरोवरांतील प्राणिप्लवकांवर, म्हणजे डॅफ्नियासारख्या पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या कवचधारी प्राण्यांवर, काम सुरू करणाऱ्याला पहिली भुरळ पडते ती रंगाची. हिमालय आणि तिबेटमधील तळ्यांतली डॅफ्निया टिबेटाना काळपट असते, कारण विरळ हवेत तीव्र झालेल्या अतिनील किरणांपासून कवचातील मेलॅनिन तिला वाचवते. जिथे मासे आहेत तिथे मात्र हाच गडद रंग जिवावर बेततो. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या ज्या तळ्यांत ट्राउट सोडले गेले, तिथल्या डॅफ्निया मेलॅनिकाचे मेलॅनिन काही दशकांत घटले, तळ्याची उंची मात्र होती तेवढीच राहिली. म्हणून नोंदवहीत उंचीशेजारी माशांचीही नोंद हवीच.

ज्या प्रश्नाने मला सर्वाधिक काळ अडवून धरले तो असा: वरच्या तळ्यातील मादी मोठी आणि गडद भरली, म्हणून तिची जनुके वेगळी ठरत नाहीत. थंड पाण्यात तोच क्लोन (म्हणजे एकाच मादीपासून नराविना जन्मलेला, सारख्याच जनुकांचा वंश) सावकाश वाढून आकाराने मोठा होतो आणि अतिनील प्रकाशात तोच क्लोन अधिक मेलॅनिन तयार करतो. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पहिल्या पिढीवरही विसंबू नये, कारण आईने सोसलेल्या थंडीचा आणि उपासमारीचा परिणाम अंड्यांतून लेकींपर्यंत पोहोचतो. एकेका मादीपासून स्वतंत्र क्लोन वाढवून, सर्वांना सारखेच तापमान, प्रकाश आणि शेवाळ देऊन किमान दोन पिढ्या जाऊ द्याव्यात आणि मगच मोजमाप घ्यावे. त्यातही प्रौढ मादी पिल्ले सोडल्यावर लगेच कात टाकते. कवचातले मेलॅनिन त्या कातेबरोबर गळून जाते आणि नव्या कवचासाठी ते पुन्हा तयार करावे लागते. तेव्हा सर्व माद्या या चक्राच्या एकाच टप्प्यावर मोजाव्यात.

हे सारे टाळून थेट तळ्यातील नमुन्यांवरून अनुकूलन सिद्ध करा, असे सांगणारे मार्गदर्शक भेटतात. त्यांचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने स्वतः क्लोन जगवले आहेत अशा एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याबरोबर घालवलेला अर्धा तास अधिक मोलाचा ठरतो.

नमुना तळ्याकाठीच विभागावा. डीएनएसाठीचा भाग इथेनॉलमध्ये ठेवावा आणि मोजमापाचा भाग साखर घातलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, कारण नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये कवच फुगते आणि अंडी बाहेर पडतात. हा उपाय हॅनी आणि हॉल या संशोधकांनी १९७३ मध्येच सुचवला होता. जात ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाची तपासणी सर्वांत आधी उरकावी, कारण एकसारख्या दिसणाऱ्या डॅफ्निया दोन वेगळ्या जातींच्या निघाल्या तर सगळी तुलनाच बदलते.

उंचावरचे क्लोन प्रयोगशाळेत मरतात, पुष्कळ मरतात, आणि त्याने खचून जाण्याचे कारण नाही. सुरुवातीलाच गरजेपेक्षा जास्त माद्या वेगळ्या कराव्यात आणि गाळातील इफिपियम, म्हणजे सुप्त अंड्यांची आवरणे, थंड व अंधाऱ्या जागी जपून ठेवावीत. योग्य प्रकाश आणि तापमान मिळाले की त्यांतून पुन्हा माद्या बाहेर पडतात. मात्र ही अंडी बहुधा लैंगिक प्रजननातून आलेली असल्याने त्या माद्यांना मेलेल्या क्लोनचा क्रमांक देता येत नाही, नवाच द्यावा लागतो.