होस्टेड सेवा विकण्याआधी सॉफ्टवेअरचा परवाना कसा तपासावा

दुसऱ्याने लिहिलेले सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून त्याची सशुल्क सेवा देण्याचा विचार असेल, तर सोर्स कोड सर्वांना पाहता येतो एवढ्यावर विसंबू नये. आपण नेमकी कोणती आवृत्ती चालवणार ते आधी ठरवावे आणि त्याच आवृत्तीसोबतची लायसन्सची फाइल वाचावी, कारण नाव तेच राहून अटी बदलतात. उदाहरणार्थ, रेडिस या डेटाबेसची ७.२ ही आवृत्ती बीएसडी या फारशा अटी नसलेल्या खुल्या परवान्याखाली होती. मार्च २०२४ मध्ये ७.४ पासूनच्या आवृत्त्यांना होस्टिंगवर निर्बंध घालणारे परवाने लागू झाल्याचे जाहीर झाले आणि २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या खुल्या परवान्याचाही पर्याय मिळाला.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: ग्राहक आपल्याकडून नेमके काय विकत घेतो? गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपमागे मोंगोडीबी हा डेटाबेस असेल, तर ग्राहक हिशेबाची सोय घेतो, डेटाबेस नव्हे. त्यामुळे मोंगोडीबीने २०१८ मध्ये स्वीकारलेल्या एसएसपीएल परवान्याचे तेरावे कलम तेथे सहसा आड येत नाही. मात्र तोच डेटाबेस मासिक भाड्याने दिला, तर त्या कलमानुसार सेवा चालवण्यासाठी वापरलेल्या व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप आणि होस्टिंगच्या सॉफ्टवेअरचाही सोर्स कोड त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. लहान कंपनीला ही अट पाळणे जवळजवळ अशक्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलास्टिकसर्च ही शोधप्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या इलास्टिक लायसन्स २.० मध्ये तर कोड खुला करण्याचा मार्गही नाही. सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा मोठा भाग होस्टेड सेवा म्हणून इतरांना देण्यास थेट मनाई आहे. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारणीच्या साधनासाठी घेतलेल्या बीएसएल परवान्यात अतिरिक्त वापराच्या परवानगीचा परिच्छेद शब्दशः वाचावा, कारण प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीने लिहिते. बीएसएलखालील प्रत्येक आवृत्ती जास्तीत जास्त चार वर्षांनी खुल्या परवान्याखाली येते, ती तारीखही नोंदवून ठेवावी. एजीपीएल व्यावसायिक होस्टिंगला रोखत नाही, पण कोडमध्ये बदल केले असल्यास सेवा वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो.

परवान्याची प्रत आवृत्ती क्रमांकासह प्रकल्पातच ठेवावी आणि कंटेनरसाठी (सॉफ्टवेअरच्या तयार पॅकेजसाठी) नवीनतम आवृत्ती आणणारा ‘लेटेस्ट’ टॅग वापरू नये, नाहीतर अपडेटबरोबर नव्या अटी नकळत लागू होतात. शंका उरल्यास परवाना देणाऱ्या कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे किंवा रेडिस, इलास्टिकसर्च आणि टेराफॉर्मच्या जुन्या खुल्या कोडमधून निघालेले अनुक्रमे व्हॅल्की, ओपनसर्च, ओपनटोफू यांसारखे खुल्या परवान्याचे फोर्क (स्वतंत्र प्रकल्प) तपासावेत. हा निर्णय पहिला ग्राहक जोडण्याआधीच घ्यावा. ग्राहकांचा डेटा साठल्यावर डेटाबेस बदलणे फार महागात पडते.