धुकं, विरळ धुकं की धुरकट हवा? ओळखायचं कसं

जानेवारीत बेळगावच्या आसपास सकाळी लांबचं दिसेनासं झालं की सगळे एकच म्हणतात, "धुकं पडलंय." आमचे कन्नड शेजारी 'मंजु' म्हणतात, तोही तसाच सरसकट शब्द. मोबाईलवर फिरणारे सल्ले त्याहून वाईट. पांढरं दिसलं की धुकं, पिवळट दिसलं की प्रदूषण! सूर्य कुठल्या बाजूला आहे हे न बघता रंगावर जाऊ नका.

आधी अंतर. गच्चीवरून दिसणाऱ्या तीन ठळक खुणा निवडा आणि नकाशावर त्यांचं अंतर एकदाच मोजून ठेवा. मी येळ्ळूर रस्त्याला राहतो. माझ्या खुणा म्हणजे 400 मीटरवरचा देवळाचा कळस, किलोमीटरवरची पाण्याची टाकी आणि पाचेक किलोमीटरवरचा राजहंसगड. टाकी दिसत नसेल तर आपल्याकडे ते धुकंच, पुढचं काही करायला नको. हवामान खातं 1000 मीटरच्या आतल्या दृश्यमानतेलाच धुकं म्हणतं. 200 च्या आत दाट, 50 च्या आत अतिदाट.

टाकी दिसतेय पण गड गायब, इथे खरी गोची. हे विरळ धुकं असेल किंवा धुरकट हवा. विरळ धुक्यात पाण्याचे बारीक थेंब असतात. धुरकट हवेत धूळ आणि धुराचे कोरडे कण. ऊसतोडीच्या दिवसांत शेतात पाचट पेटवतात, शिवाय वीटभट्ट्या असतातच. थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, म्हणून हा धूर वर न जाता गावावरच बसून राहतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मी कित्येक वर्षं गाडीच्या सीटवरून हात फिरवून निकाल द्यायचो. ओलं लागलं की विरळ धुकं. एका सकाळी सीट निथळत होती, म्हणून दम्याच्या काकांना म्हटलं, "नुसतं धुकं आहे, या फिरून." दोन दिवस खोकत होते. रात्री आभाळ निरभ्र असलं की पत्रा, सीट, गवत हवेपेक्षा जास्त गार होतात आणि त्यांच्यावर दव धरतं. वर हवेत धूर असला तरी धरतं. सीटचा ओलावा सीटबद्दल सांगतो, हवेबद्दल नाही. हा सल्ला आजही कुणी दिला की माझं डोकं फिरतं.

म्हणून आता मी ओल मोजतो. काचेचे दोन साधे तापमापक घ्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो 35 अंशांच्या खाली दाखवतच नाही. दोन्ही कोरडे असताना सारखाच आकडा दाखवतात का, ते आधी बघा. मी हे न बघता महिनाभर चुकीच्या नोंदी केल्या. मग एकाच्या फुग्याला मलमलचा ओला तुकडा गुंडाळा, दोन्ही सावलीत, भिंतीपासून लांब टांगा आणि पुठ्ठ्यानं दोन-तीन मिनिटं सपासप वारा घाला. वारा घालायचा कंटाळा करू नका, नाहीतर ओला तापमापक पुरेसा उतरत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट वाटते. आपल्याकडच्या 15-16 अंशांच्या सकाळी दोघांतला फरक अडीच अंशांच्या आत असेल तर हवेतली ओल साधारण 75 टक्क्यांच्या वर, म्हणजे विरळ धुकं. फरक जास्त असेल तर धुरकट हवा. हवामान खात्याची रेषाही 75 लाच आहे.

फरक अगदी काठावर आला तर? धुराचे बरेचसे कण दमट हवेत पाणी ओढून फुगतात, त्यामुळे पहाटेचं विरळ धुकं आणि नवाची धुरकट हवा हा पुष्कळदा तोच माल असतो. अशा वेळी मी काकांना घरातच बसवतो.

रंग बघायचाच तर आता बघा. सूर्याकडे पाठ करून गडद डोंगराकडे पाहा, मग सूर्याच्या बाजूला वळा. डोंगरावर निळसर झाक आणि सूर्याकडे पिवळट-तांबूस, तर धुरकट हवा. दोन्हीकडे करडं-पांढरं, तर विरळ धुकं.

दहा वाजता पुन्हा गच्चीवर जा. ऊन तापल्यावर विरळ धुकं बहुधा विरून जातं. धुरकट हवा मात्र रेंगाळते.

पावसाळ्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात निघालात तर यातलं काही लागत नाही. तिथे समुद्राकडून चढून आलेला ढगच रस्त्यावर टेकलेला असतो. खालच्या गावाला तो ढग, आत सापडलेल्या तुम्हाला धुकं. दिवे डिपरवर ठेवा. अप्परचा उजेड थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो.