स्लीपमधून उठल्यावर मेमरी कार्ड गायब? या चुका टाळा

लिनक्सवर चालणारं हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं गेमिंग मशीन) स्लीपमधून उठतं, गेमची यादी रिकामी दिसते, आणि लोक आधी फॉरमॅट दाबतात. मग इंदूरच्या जेल रोडवर कुठल्यातरी काउंटरवर कार्ड ठेवून विचारतात, "भिया, डेटा निघेल का?"

अहो, फॉरमॅट करेपर्यंत डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. स्लीपमध्ये स्लॉटची वीज तोडली जाते आणि जाग आल्यावर कार्डाची ओळख नव्याने करावी लागते. यूएचएस (जलद वेगाच्या) कार्डाचे सिग्नल ३.३ व्होल्टवर सुरू होऊन १.८ वर येतात. परत ३.३ वर जायचं तर कार्डाचा वीजपुरवठा किमान १ मिलिसेकंद ०.५ व्होल्टच्या खाली उतरावा लागतो. तो उतरलाच नाही तर कार्ड अडकतं, उत्तर देत नाही, आणि लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, लॉग म्हणजे त्याच्या नोंदी) 'एरर -११०', म्हणजे टाइमआउट, दिसते. उपाय साधा: पूर्ण शटडाउन (रीस्टार्ट नव्हे, त्यात स्लॉटची वीज जाईलच असं नाही), कार्ड बाहेर, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग घालून सुरू करा. एवढाही धीर नसेल तर कार्डावर गेम ठेवू नका.

दुसरी चूक याहून वाईट: मशीन झोपलेलं असताना कार्ड काढून लॅपटॉपला लावणं. रामबागेतल्या एका मुलाने असंच चार फायली टाकून कार्ड परत घातलं. कर्नलने कार्डाचा ओळख क्रमांक पाहिला, तोच निघाला, म्हणून रॅममधली जुनी नोंद खरी धरून ती कार्डावर लिहिली. नव्या फायली तर गेल्याच, जुने फोल्डरही बिघडले. स्लीप म्हणजे बंद नव्हे. कार्ड काढायचं तर आधी इजेक्ट, नाहीतर शटडाउन.

कार्ड नुसतं रीड-ओन्ली झालं असेल (वाचता येतं, लिहिता येत नाही) तर अनमाउंट करून, म्हणजे सिस्टीमपासून सोडवून, एफएससीके (fsck, फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा. माउंट असताना कधीच नाही. डेटा मोलाचा असेल तर त्याआधी डीडीरेस्क्यूने (ddrescue, बिघडलेल्या कार्डाची प्रत काढणारा प्रोग्राम) पूर्ण प्रत काढा. एफस्टॅबमध्ये (fstab, सुरू होताना कोणतं कार्ड कुठे जोडायचं ती यादी) डिव्हाइसचं नाव लिहू नका, ते बदलू शकतं. यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा कायमचा ओळख क्रमांक) आणि 'नोफेल' (nofail, कार्ड नसलं तरी मशीन सुरू होऊ दे) लिहा. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शर्टाच्या टोकाने नाही.

आणि स्वस्तातलं ५१२ जीबीचं कार्ड घेतलं की गेम टाकण्याआधी एफ-थ्री (F3) किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून वाचून बघा. नकली कार्ड रॅममधल्या कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) जोरावर चालतंय असं भासतं, कॅश गेली की उघडं पडतं, आणि बोल लागतो स्लीपला. तपासणीला काही तास जातात. रात्री लावून झोपा.